कादंबरीतला जमाखर्च

कापसाच्या जिल्ह्यातला वाचक शेतकऱ्यावरची कादंबरी हातात घेतो तेव्हा त्याचं पहिलं लक्ष पैशाकडे जातं. निसर्गवर्णन, बोली, प्रेमप्रकरण हे सगळं नंतर. आधी बघायचं ते हे, की लेखकाला हिशेब ठाऊक आहे का. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रातून बीटीची पाकिटं आणि खत उधारीवर उचललं, पावसानं दडी मारली, दुबार पेरणी झाली, पाकिटं पुन्हा आणली. डवरणी, निंदण, फवारणी, प्रत्येकाची मजुरी वेगळी आणि रोखीची. सीतादही झाली की वेचणी सुरू, तीही किलोमागे पैसे मोजून. मग गाडीभाडं, जिनिंगसमोरची रांग, ओलाव्यापायी कापलेला भाव, आणि चुकारा हातात पडायच्या आत उघडलेली कृषी केंद्रवाल्याची वही. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत कुठंही जा, कास्तकाराचं वर्ष साधारण असंच जातं. ज्या कादंबरीत हा जमाखर्च नाही, तिच्यातला शेतकरी कितीही रडला तरी मला तो पाहुणा वाटतो.

या नजरेनं गेल्या काही वर्षांत मी बऱ्याच भारतीय कादंबऱ्या वाचल्या, आणि त्यांच्या जोडीनं काही पत्रकारांची, अभ्यासकांची पुस्तकंही. मराठी आणि हिंदी मुळातून, बाकीच्या इंग्रजीतून. त्यातून जे मत बनलं ते सरळ सांगतो. शेतकऱ्याच्या मरणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तो ज्या पैशात, ज्या उधारीत जगतो, त्यावर लिहिणारे थोडे आहेत. आणि जे थोडे आहेत त्यांचीच पुस्तकं टिकली आहेत.

पहिलं उदाहरण अर्थात ‘गोदान’चं. प्रेमचंदांची ही कादंबरी 1936 ची. होरी सज्जन आहे, सोशिक आहे, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण पुन्हा वाचताना माझं बोट रकमांवर अडखळत गेलं. गाय ऐंशी रुपयांची, तीही उधार. गर्भार झुनियाला घरात घेतलं म्हणून पंचांनी केलेला दंड शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य. दातादीनकडून बैलासाठी घेतलेले तीस रुपये वाढत वाढत दोनशेवर पोचतात, आणि शहरातून परतलेला गोबर त्या व्याजाचा हिशेब चारचौघांत मांडतो तेव्हा सगळं गाव अवाक होतं. होरीला मात्र ब्राह्मणाचा पैसा बुडवण्याची भीती वाटते. तो कर्जात बुडतो यापेक्षा भयंकर गोष्ट ही, की त्याला सावकाराचा हिशेब मनातून न्याय्य वाटतो. शेवटी धनियाच्या हातात उरतात ते सुतळी विकून आलेले वीस आणे. प्रेमचंदांनी तिथं रक्कम सांगितली आहे, आणि त्या रकमेनं जे होतं ते दहा पानांच्या शोकवर्णनानं झालं नसतं. कादंबरीतला शहरी भाग, रायसाहेब आणि मालती-मेहतांच्या लांबलचक चर्चा, मला आजही सैल वाटतात. गावाकडच्या पानांवर मात्र एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही.

प्रेमचंदांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत, फकीरमोहन सेनापती यांनी ओडियात ‘छ माण आठ गुंठ’ लिहिली. नावातच जमिनीचं माप. भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याला मूल नाही. देवीचं देऊळ बांधलं तर होईल, असं त्यांच्या मनात भरवलं जातं, त्यासाठी जमीन गहाण पडते आणि ती रामचंद्र मंगराजाच्या घशात जाते. सावकार कागदावर अंगठा कसा मिळवतो, कोर्ट त्या कागदाला खरं कसं मानतं, हे सेनापतींनी जितकं नेमकं दाखवलं तितकं नंतरच्या शंभर वर्षांत फार कमी जणांना जमलं. ‘गोदान’ वाचलेल्या प्रत्येकानं ही वाचावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

याच रांगेत मी अमिताव घोष यांची ‘सी ऑफ पॉपीज’ ठेवतो. काळ 1838, जागा गाझीपूरजवळचं एक खेडं, पीक अफूचं. इंग्रजांचे गुमास्ते उचल देतात, उचल घेतली की अफू पेरावीच लागते, आणि हंगामाच्या शेवटी हाती येतं ते उचलीपेक्षा कमी. दीतीच्या घराचं छप्पर शाकारायचं राहून गेलं आहे, कारण गव्हाच्या जागी अफू आली आणि गव्हाची काडी मिळेनाशी झाली. ही एक ओळीची गोष्ट मला कादंबरीतल्या सगळ्या समुद्रप्रवासापेक्षा मोठी वाटली. आमच्याकडे हेच डोळ्यांदेखत झालं. कापूस आणि मागाहून सोयाबीन वाढलं तसा ज्वारीचा पेरा घटला. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याअभावी बैलजोडी परवडेना, बैल गेले तसं शेणखत गेलं, आणि वखरणीपासून सगळ्याला ट्रॅक्टरचं भाडं मोजायची वेळ आली. पोळ्याला सजवायला बैल उसने आणावे लागतात, अशी घरं आता गावोगाव आहेत. एका पिकानं घराची आतली रचना कशी उलटते, हे घोष यांनी परक्या पिकातून दाखवलं. कापसावरची अशी कादंबरी मराठीत अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

ती असायला हवी होती, कारण माल तयार आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1861 ते 65 च्या अमेरिकी यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो भाव ओसरल्यावर दुष्काळांनी गावं झोडपून काढली. लक्ष्मण सत्या यांचं ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे 1850 ते 1900 या काळावरचं पुस्तक याच गोष्टीची सांगोपांग मांडणी करतं. इतिहासाचं पुस्तक आहे, वाचायला जड आहे. पण धान्याच्या जमिनीवर कापूस आला आणि त्याच प्रांतात माणसं भुकेनं मेली, हे कागदपत्रांतून उलगडत जातं तेव्हा पुस्तक खाली ठेववत नाही.

आता मराठीकडे. विदर्भापुरतं बोलायचं तर पहिलं नाव उद्धव शेळके यांच्या ‘धग’चं. 1960 ची कादंबरी, शिंप्याचं घर, नवरा महादेव बिनकामाचा आणि पुढे महारोगानं खचलेला, आणि संसार एकटीच्या अंगावर ओढणारी कौतिक. ती शेतकऱ्याची कादंबरी नाही, पण मजुरीची आहे. कुणाच्या वावरात किती आण्यांवर निंदायला गेली, घरी येताना काय आणलं, उरलं किती, हे वऱ्हाडी संवादांतून असं येतं की लेखक कुठं दिसतच नाही. कौतिकसाठी शेळक्यांनी कुठंही दया मागितलेली नाही. साठ वर्षं उलटून गेली. वऱ्हाडातल्या बाईवर याहून खरी मराठी कादंबरी मला सापडलेली नाही.

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ 2002 ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार 2004 चा. देशमुख बुलडाण्याचे. शिकून घरी बसलेला एकनाथ, नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत, आणि शेतीत मन व जीव दोन्ही अडकलेले. शहरातून आलेली त्याची बायको अलका हे या कादंबरीतलं सगळ्यात अवघड आणि म्हणूनच मला सगळ्यात आवडलेलं पात्र. तिची चिडचिड अन्यायाची नाही. शेतकऱ्याच्या घरात द्यायला मुलीचे बाप का तयार होत नाहीत, हा आज प्रत्येक गावातला प्रश्न देशमुखांनी वीस वर्षांआधी घरात आणून बसवला. कादंबरी अधूनमधून भाषण करते, हेही खरं. एकनाथच्या तोंडी लेखकाचे विचार येतात तेव्हा वेग मंदावतो. पण पेरणीच्या दिवसांत घरातल्या माणसांचे एकमेकांशी आवाज कसे चढतात, ते वाचताना मला शेजारचं घर ऐकू आलं.

वाशीमचे बाबाराव मुसळे यांची ‘हाल्या हाल्या दुधू दे’ आणि नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ या दोन्ही आमच्या शेजारच्या मातीतल्या, आणि दोन्ही अलीकडच्या वाचकांच्या हाती कमी पडतात. रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ प्रौढ साक्षरतेच्या सरकारी मोहिमेवरची. शेतीची नव्हे, पण खेड्यातला कागद आणि खेड्यातलं वास्तव यांतलं अंतर तिच्याइतकं कुणी मोजलेलं नाही. नंदा खरे यांची ‘उद्या’ वेगळ्या घाटाची, भविष्याकडे बघणारी. तिला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला, एवढीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. आकड्यांवर चालणारं राज्य माणसाला कसं बघतं, यासाठी ती वाचायला हवी.

आणि आमचा जिल्हा? यवतमाळनं कवी दिले. भाऊसाहेब पाटणकरांची शायरी, शंकर बडे यांची वऱ्हाडी कविता घरोघरी पाठ आहे. आमच्यावरची कादंबरी मात्र माझ्या वाचनात आली ती बाहेरच्या माणसाची, तीही हिंदीतली. संजीव यांची ‘फाँस’ 2015 साली आली. यवतमाळ जिल्ह्यातलं बनगाव, तिथला शिबू, त्याची बायको शकुन, दोन मुली. हिंदीतल्या एका ज्येष्ठ लेखकानं आमच्या गावकुसात येऊन, माणसांशी बोलून हे लिहिलं, याबद्दल मनात आधी कृतज्ञताच आहे. शकुन आणि मुली जिवंत उतरल्या आहेत. मुलींना बापाच्या ओझ्याची जाणीव आहे, तरी त्या ओझं म्हणून वागत नाहीत. बैल विकल्यावर अपराधानं खचून जाणाऱ्या शेतकऱ्याचा भाग वाचताना मी थांबलो. बैल विकणं म्हणजे काय, हे ज्याच्या दावणीला बैल होते त्यालाच कळतं, आणि संजीव यांना ते कळलं आहे.

माझी तक्रार दुसरी आहे. ‘फाँस’ला सगळंच सांगायचं आहे. कर्ज, बियाणं, जात, धर्म, मुलींची लग्नं, सरकारी मदत, शेतीतले नवे प्रयोग, सगळं एका पुस्तकात. पुढं पुढं पात्रं प्रश्नांची प्रतिनिधी होतात आणि मरणांची रांग लागते. तिसऱ्या-चौथ्या मृत्यूनंतर वाचक सुन्न व्हायच्या ऐवजी सरावतो. वर्तमानपत्रानं आम्हाला हेच केलं होतं. कादंबरीनं ते उलटं फिरवायला हवं होतं.

‘फाँस’मध्ये वारंवार येणारा ‘पात्र-अपात्र’ हा विषय मात्र अगदी खरा. आत्महत्येनंतर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीत. आणि ती मिळण्यासाठी जमीन नावावर हवी, कर्ज संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. बिनपरवाना सावकाराची उधारी कागदावर नसते, म्हणून ती मेलेल्याच्या बाजूनं साक्ष देत नाही. कोटा नीलिमा यांची इंग्रजी कादंबरी ‘शूज ऑफ द डेड’, 2013 ची, संपूर्ण हे पात्र-अपात्र ठरवणाऱ्या समितीभोवती फिरते. भावानं जीव दिल्यावर गंगिरी भद्र शहर सोडून गावी येतो, त्या समितीत बसतो आणि प्रत्येक मृत्यूचं खरं कारण नोंदवायला भाग पाडतो. तिकडे दिल्लीत एका तरुण खासदाराची गादी त्यामुळे डळमळते. दिल्लीचा भाग चटपटीत आहे, गावचा भाग थोडा धूसर. तरीही समितीच्या टेबलावर माणसाचं मरण कसं मोजलं जातं, हे पकडणारी दुसरी इंग्रजी कादंबरी मी वाचलेली नाही.

नील मुखर्जी यांच्या ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ची सुरुवात मात्र मला पेलली नाही. 1966 चा बंगाल, उपाशी नितई दास जमीनदाराच्या दारातून रिकामा परततो आणि कुटुंबासह स्वतःला संपवतो. पुढची कादंबरी कोलकात्याच्या एका श्रीमंत घराण्याची आहे, आणि ती पहिली पानं त्या घराच्या पायाखाली शेवटपर्यंत राहतात. रचना म्हणून ती मोठी आहे. पण यवतमाळच्या माणसाला ते प्रकरण वाचताना दुसरीच तारीख आठवते. 19 मार्च 1986. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळच्या दत्तपूरला जीवन संपवलं. गावचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले गृहस्थ. या दिवशी दरवर्षी राज्यभर अनेक जण अन्नत्याग करतात. करपे यांच्यासारख्या माणसाची कादंबरी आपल्याकडे लिहिली गेली तर तिची सुरुवात त्या शेवटच्या दिवसापासून होऊ नये. वीजबिलापासून, पिकापासून, पेटीवर बसलेल्या संध्याकाळपासून व्हावी.

मी हे ठामपणे म्हणतो ते एका पुस्तकामुळे, आणि ते कादंबरी नाही. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांचं ‘रामराव’, 2021. पांढरकवडा भागातल्या हिवरा गावचा हा कापूस उत्पादक 2014 साली मरणाच्या दारातून परत आला. बातम्या मेलेल्यांच्या होतात. हर्डीकरांनी वाचलेल्या माणसाचा हात धरला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्याकडे जात राहिले. कर्ज एका वर्षात होत नाही. आजारपण, लग्न, बुडालेलं पीक, चुकलेला सौदा, आणि त्यावर पुढच्या हंगामाची आशा, असा एकेक थर चढत जातो आणि प्रत्येक थर त्या वेळी शहाणपणाचाच वाटलेला असतो. वाचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा त्याच वावरात जायचं असतं, हे सांगणारं पुस्तक आधी आलं नव्हतं. पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ आम्हा सगळ्यांचं आद्य पुस्तक. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांचा पट त्यात आहे. ‘रामराव’ एका उंबऱ्यावर थांबतं. मला या घडीला या दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाची जास्त गरज वाटते.

मागं राहिलेल्या बाईचं काय, यावरही कथात्म साहित्य मागंच आहे. कोटा नीलिमा यांनीच कादंबरीनंतर ‘विडोज ऑफ विदर्भ’ हे मुलाखतींवर उभं असलेलं पुस्तक 2018 मध्ये दिलं, आणि ते त्यांच्या कादंबरीपेक्षा सरस आहे. सातबाऱ्यावर नाव चढवायला लागलेले हेलपाटे, सासर-माहेराकडची बदललेली नजर, मुलांची फी. रंगभूमीनं इथं कादंबरीला मागं टाकलं: श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’मध्ये शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच उभ्या राहिल्या. त्यातल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. 1973 साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या संमेलनानंतर गावाला हा मान पुन्हा मिळाला होता.

त्या उद्घाटनाला खरं बोलावणं नयनतारा सहगल यांना होतं, आणि ते मागं घेतलं गेलं. याचं दुःख मला आजही आहे, आणि ते वाचक म्हणून आहे. त्यांच्या नावावर बराच वाद झाला. त्यांची कादंबरी किती जणांनी उघडली? मी ‘रिच लाइक अस’ त्यानंतर वाचली. 1985 ची, आणीबाणीवरची. सोनाली ही प्रामाणिक सनदी अधिकारी एका शीतपेयाच्या कारखान्याला परवाना नाकारते आणि तिची खुर्ची जाते. लंडनहून लग्न करून आलेली रोझ त्या श्रीमंत घरात शेवटपर्यंत परकी राहते. आणि दाराबाहेर हात तुटलेला एक भिकारी बसलेला असतो, जो एकेकाळी वाटेकरी शेतकरी होता. दिल्लीच्या दिवाणखान्यांची कादंबरी म्हणून कुणी ती बाजूला ठेवील, पण त्या भिकाऱ्यापाशी ती थेट आमच्या वावराला येऊन भिडते. तिच्या लेखिकेला यवतमाळकरांनी समोर बसून ऐकायला हवं होतं.

अजून पुष्कळ मोकळं आहे. कोलामांच्या वस्त्यांवर, म्हणजे पोडांवर, झरी-मारेगावच्या गोंड गावांवर आतून लिहिलेलं कमी. बाबाराव मडावी यांचं ‘आकांत’ हे आत्मकथन आहे, असं आतून लिहिलेलं आणखी येण्याची वाट बघतो आहे. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवरून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी माणसं, किलोमागे वेचणी करणारी बाई, कृषी केंद्रवाला जो स्वतःही कंपनीच्या उधारीत आहे, 2017 च्या फवारणीत डोळे आणि जीव गमावलेले मजूर: यांतल्या एकेकावर कादंबरी होईल. ती लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आज कुठल्या तरी तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असेल.

त्यांच्यासाठीच एक विनंती. गावच्या वाचनालयाच्या समितीवर जे कुणी असतील त्यांनी पुढच्या खरेदीत ‘धग’, ‘बारोमास’, ‘गोदान’, ‘फाँस’ आणि ‘रामराव’ ही पाच पुस्तकं घ्यावीत आणि ती कपाटात न ठेवता अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवावीत. वाचकानं सुरुवात ‘धग’पासून करावी, तिच्यात स्वतःचं शेत नाही, पण बाकी सगळ्यांची वाट तिथूनच जाते.